रेड क्रॉसबिल पाहायचा असेल तर आधी शंकू शोधा : नवख्या पक्षीनिरीक्षकांसाठी मार्गदर्शक

उत्तरेकडच्या सूचिपर्णी अरण्यांत राहणाऱ्या रंगीत फिंचांपैकी (फिंच म्हणजे बिया खाणारे लहान पक्षी) रेड क्रॉसबिल हा नवख्या निरीक्षकाला सर्वांत जास्त चकवणारा पक्षी आहे. विटकरी लाल नर, हिरवट पिवळी मादी आणि टोकाशी एकमेकांना ओलांडून जाणारे चोचीचे दोन भाग एवढे वर्णन वाचून माणूस घराबाहेर पडतो, अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत पसरलेला आढळाचा नकाशा पाहून निश्चिंत होतो आणि दिवसभर पाइनच्या रानात फिरून हात हलवत परत येतो. दोष नकाशाचा नाही. नकाशा एवढेच सांगतो की हा पक्षी तिथे कधी ना कधी असतो. या आठवड्यात तो तिथे आहे की नाही हे ठरवण्याचे काम नकाशा करत नाही, ते शंकू, म्हणजे सूचिपर्णी झाडांची बिया धरणारी खवलेदार बोंडे, करतात. क्रॉसबिल जवळजवळ सर्वस्वी सूचिपर्णी झाडांच्या बियांवर जगतो, त्या बिया जिथे पिकतात तिथे जातो, संपल्या की शेकडो किलोमीटर दूर निघून जातो, आणि पुरेशा मिळाल्या तर ऐन हिवाळ्यातही घरटे बांधतो.

म्हणूनच पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा ठेवला आहे. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये पक्षी येतच नाही. त्या गाळून थेट दुर्बिणीकडे वळण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण माझ्या मते सगळा वेळ तिथेच वाया जातो. लेखातली ठिकाणे, परवाने आणि कायदे उत्तर अमेरिकेचे आहेत. युरोपातल्या क्रॉसबिलांविषयी आवश्यक तेवढाच उल्लेख ओघात येईल.

निघण्यापूर्वी जवळ काय असावे

- ८×४२ ची दुर्बीण. याहून जास्त वर्धनाची दुर्बीण हातात थरथरते, आणि झाडाच्या शेंड्यावर सतत हलणाऱ्या थव्यामागे ती नेणे कठीण जाते.
- आवाज ध्वनिमुद्रित करणारा फोन किंवा लहान रेकॉर्डर. या पक्ष्याच्या बाबतीत कॅमेऱ्यापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक मोलाचे ठरते. त्याचे कारण सातव्या पायरीत येईल.
- पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळाचे खाते आणि फोनवर पक्षी ओळखून देणारे मर्लिन ॲप. दोन्ही कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेची असून मोफत आहेत. ज्या प्रदेशात जाणार त्याचा पक्षीसंच मर्लिनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण अरण्यात नेटवर्क नसते.
- रस्त्यांचा ऑफलाइन नकाशा.
- उद्यानाचा प्रवेश परवाना. उदाहरणार्थ, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या अल्गोंक्विन प्रांतीय उद्यानातून जाणाऱ्या ६० क्रमांकाच्या महामार्गावरून न थांबता पुढे जायचे असेल तर परवाना लागत नाही, पण गाडी थांबवून उतरायचे असेल तर वाहनाचा दैनिक परवाना लागतो. तो काही दिवस आधी ऑनलाइन काढता येतो, आणि गर्दीच्या दिवसांत आधी काढलेलाच बरा.
- शरद ऋतूत जाणार असाल तर भडक नारिंगी रंगाचे जाकीट. अनेक राखीव वनांमध्ये त्या काळात शिकारीचा हंगाम चालू असतो आणि दाट झाडीत राखाडी किंवा तपकिरी कपड्यांतला माणूस दिसत नाही.

१. वर्ष कसे आहे ते पाहा

सूचिपर्णी झाडे दर वर्षी सारखे बी धरत नाहीत. एखाद्या वर्षी विस्तीर्ण प्रदेशातली एकाच जातीची बहुतेक झाडे शेंड्यापर्यंत शंकूंनी लगडतात आणि पुढच्या वर्षी त्याच झाडांवर शंकू शोधावे लागतात. क्रॉसबिलचे सगळे येणे-जाणे या चढउतारांशी बांधलेले आहे, त्यामुळे गेल्या वर्षी अमुक वळणावर थवा दिसला होता ही माहिती यंदासाठी जवळजवळ निरुपयोगी असते. जुन्या नोंदींवर विसंबून राहणे हा पहिला सापळा.

याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे दर वर्षी शरद ऋतूच्या सुरुवातीला प्रसिद्ध होणारा ‘विंटर फिंच फोरकास्ट’ वाचावा. ऑन्टारियोचे रॉन पिटावे यांनी १९९९ पासून तो तयार केला आणि २०२० पासून ते काम टायलर होअर पाहतात. कॅनडाच्या आणि ईशान्य अमेरिकेच्या अरण्यांत कोणत्या झाडांना किती शंकू लागले आहेत याच्या माहितीवरून कोणता फिंच कुठे सरकण्याची शक्यता आहे, याचा अंदाज त्यात दिलेला असतो. तो अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ई-बर्डच्या नकाशावर फक्त गेल्या काही आठवड्यांच्या नोंदी पाहाव्यात. एकाच परिसरातून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांनी थवे पाहिल्याचे दिसले तर तिथे पक्षी मुक्कामाला आहेत असे समजावे. एकाच दिवशीची, ‘वरून उडत गेले’ अशी नोंद असेल तर ते पुढे निघून गेलेले असण्याचीच शक्यता जास्त.

२. झाडे ओळखायला शिका

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. नवख्या डोळ्याला सगळी सूचिपर्णी झाडे ‘ख्रिसमसच्या झाडासारखी’ दिसतात. क्रॉसबिलच्या दृष्टीने मात्र पाइन, स्प्रूस, हेमलॉक आणि डग्लस फर यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, कारण प्रत्येकाच्या शंकूचे खवले वेगळ्या जाडीचे असतात आणि बिया वेगळ्या वेळी गळतात.

सुया हातात घेऊन सुरुवात करावी. पाइनच्या सुया जुडग्यांत येतात. ईस्टर्न व्हाइट पाइनच्या जुडग्यात पाच, रेड पाइन आणि जॅक पाइनच्या जुडग्यात दोन, तर पश्चिमेकडच्या पाँडेरोसा पाइनच्या जुडग्यात बहुधा तीन सुया असतात. स्प्रूसची सुई एकेकटी, चौकोनी आणि टोकदार असते; ती दोन बोटांत धरली तर सहज गोल फिरते. फरची सुई चपटी असल्यामुळे तशी फिरत नाही. लार्चच्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळून पडतात, त्यामुळे हिवाळ्यात वाळलेले वाटणारे झाड प्रत्यक्षात जिवंत असते आणि त्याच्या फांद्यांवर बारीक शंकू तसेच उभे असतात.

शंकूंकडे पाहिले की ओळख पक्की होते. स्प्रूसचे शंकू फांदीला खाली लोंबतात आणि मुख्यतः शेंड्याकडच्या भागात गर्दी करतात. फरचे शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि झाडावरच खवला खवला होऊन विखुरतात, म्हणून फरखाली अखंड शंकू सापडत नाहीत. डग्लस फर नावापुरती फर आहे. तिचे शंकू लोंबतात आणि प्रत्येक खवल्याखालून तीन टोकांचे पातळ पान बाहेर डोकावते. हेमलॉकचे शंकू अगदी लहान, दोन-अडीच सेंटीमीटरचे असतात, तर व्हाइट पाइनचे शंकू वीतभर लांब असून राळेने चिकट झालेले असतात.

यात एक बारकावा असा की स्प्रूस, हेमलॉक आणि लार्च यांचे शंकू एकाच हंगामात पिकतात, पण पाइनच्या शंकूला पिकायला दुसरे वर्ष लागते. त्यामुळे पाइनच्या फांदीच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढे कच्चे शंकू भरपूर दिसले, तर पुढच्या शरद ऋतूत तिथे काय असेल याचा अंदाज आजच बांधता येतो. असे रान नकाशावर खूण करून ठेवावे.

आता सापळा. झाडाखाली शंकूंचा खच पडलेला पाहून आनंदित होऊ नये. जमिनीवरचे शंकू बहुधा रिकामे असतात. झाडावरच्या शंकूंतही जुने आणि नवे वेगळे करावे लागतात. जुने शंकू राखाडी आणि पूर्ण उघडलेले असतात, त्यांत बी उरलेले नसते. आपल्याला हवे असतात ते यंदाचे, तपकिरी, मिटलेले किंवा नुकते उघडू लागलेले शंकू. मात्र पावसात आणि दमट हवेत उघडे शंकूही मिटतात, म्हणून ही परीक्षा कोरड्या दिवशी करावी. ब्लॅक स्प्रूस, जॅक पाइन आणि पश्चिमेकडची लॉजपोल पाइन ही झाडे या नियमाला अपवाद आहेत: त्यांचे शंकू अर्धवट किंवा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे बी धरून ठेवतात, आणि बाकीच्या झाडांचे बी संपल्यावर क्रॉसबिलांना त्यांचा आधार होतो.

३. ठिकाण आणि वेळ ठरवा

शंकूंनी लगडलेले रान सापडले की दाट झाडीच्या आत शिरू नये. आतून फक्त खोडे दिसतात आणि मान दुखते. उघडी कडा, तळ्याचा काठ, रस्त्याचे वळण किंवा समोरचा उतार निवडावा, म्हणजे झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीच्या जवळ येतात. वाऱ्याचा दिवस टाळावा, कारण वाऱ्यात पाइनची सळसळ सगळे आवाज गिळून टाकते. सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास उत्तम.

सकाळच्या वेळी क्रॉसबिल रस्त्यावर उतरतात, हे मुद्दाम सांगायला हवे. कोरडे बी पचवण्यासाठी त्यांना बारीक खडी लागते, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ त्यांना आकर्षित करते. अल्गोंक्विनमधला ओपिओंगो मार्ग याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. चांगल्या हंगामात तिथे रेड आणि व्हाइट-विंग्ड असे दोन्ही क्रॉसबिल रस्त्याच्या मधोमध बसलेले दिसतात, आणि एरवी शेंड्यावर ठिपक्याएवढा दिसणारा पक्षी काही पावलांवरून पाहता येतो. कोरड्या बियांमुळे त्यांना पाणीही वारंवार लागते, म्हणून डबकी आणि वितळत्या बर्फाच्या जागांवर लक्ष ठेवावे.

४. आधी कान, मग डोळे

क्रॉसबिल नव्वद टक्के वेळा आधी ऐकू येतो म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. उडता थवा ‘जिप्-जिप्, जिप्-जिप्’ अशी ठसठशीत, कोरडी हाक सतत देत जातो. ही हाक मर्लिनमध्ये निघण्यापूर्वीच पुन्हा पुन्हा ऐकून कानात बसवावी. त्याचा भाऊबंद असलेल्या व्हाइट-विंग्ड क्रॉसबिलची हाक त्यापेक्षा मऊ आणि सपाट असते, मधूनमधून कडकड अशी बडबड ऐकू येते, आणि त्याचे गाणे म्हणजे निरनिराळ्या वेगांच्या लांबलचक थरथरींची मालिका असते.

खरी अडचण पुढे आहे. थवा खायला बसला की एकाएकी गप्प होतो. वीस-तीस पक्षी एकाच झाडावर असूनही खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा पत्ता लागत नाही. अशा वेळी आवाज नव्हे, खालचा कचरा ऐकावा. खवल्यांचे तुकडे आणि बियांचे पातळ पंख फांद्यांवरून टिकटिकत खाली येतात. बर्फ पडलेला असेल तर पांढऱ्यावर ते स्पष्ट दिसतात. ताज्या बर्फावर असे तुकडे साचलेले दिसले, तर मान वर करून पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे.

जमिनीवरचा शंकूसुद्धा पुरावा असतो. खारीने खाल्लेल्या शंकूचे सगळे खवले कुरतडून काढलेले असतात आणि मधला दांडा तेवढा उरतो. क्रॉसबिलने खाल्लेल्या शंकूवर खवले जागच्या जागी असतात, पण ते उभे चिरलेले आणि विस्कटलेले दिसतात.

५. थवा सापडल्यावर काय पाहावे

पहिली काही मिनिटे रंगाकडे दुर्लक्ष करून एकाच पक्ष्यावर दुर्बीण स्थिर ठेवावी आणि तो खातो कसा ते पाहावे. पोपटासारखा तो चोच आणि पाय दोन्ही वापरून फांदीवर चढतो, प्रसंगी उलटा लटकतो, शंकू एका पायाखाली दाबून धरतो. चोचीची टोके दोन खवल्यांच्या फटीत जातात. मग खालचा जबडा बाजूला सरकतो, खवला उचलला जातो, आणि त्या क्षणभराच्या फटीतून जीभ तळाशी बसलेले बी काढून घेते. बियाचा पंख चोचीतच सुटा होतो आणि गिरक्या घेत खाली जातो. हे सगळे इतके भराभर घडते की पहिल्यांदा पाहताना पक्षी शंकूला नुसता खेटून बसला आहे असे वाटते. शंकू मिटलेला असताना बाकीचे पक्षी हताश होतात आणि क्रॉसबिल मात्र जेवत असतो, याचे रहस्य या वाकड्या चोचीत आहे. त्याचा भाऊबंद व्हाइट-विंग्ड क्रॉसबिल एका दिवसात तीन हजारांपर्यंत बिया खाऊ शकतो.

चोच जवळून दिसली तर खालचा भाग डावीकडे गेला आहे की उजवीकडे, तेही नोंदवावे. रेड क्रॉसबिलमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. व्हाइट-विंग्डमध्ये उजवीकडे वळणारे पक्षी डावीकडे वळणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट असतात. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा चोच सरळ असते आणि वाढीबरोबर ती वळत जाते. म्हणून रेघोट्यांचे, तपकिरी, जवळजवळ सरळ चोचीचे पिल्लू थव्यात दिसले तर ते वेगळ्या जातीचे आहे असे समजू नये.

रंगाच्या बाबतीत सावध राहावे. पुस्तकातला नर एकसारखा विटकरी लाल असतो, पण प्रत्यक्षात नारिंगी, पिवळट आणि ठिगळे लावल्यासारखे नर सर्रास दिसतात. लाल रंग आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून तयार होतो, आणि पिंजऱ्यात ठेवलेले नर पीस बदलल्यावर पिवळे होतात. त्यामुळे पिवळा पक्षी म्हणजे मादीच, असे घाईने लिहू नये. पंख मात्र नेहमी गडद तपकिरी असतात.

६. घोटाळा करणारे पक्षी

व्हाइट-विंग्ड क्रॉसबिलच्या पंखावर दोन रुंद पांढरे पट्टे असतात, नराचा रंग अधिक गुलाबी असतो आणि चोच बारीक असते. तो प्रामुख्याने स्प्रूस आणि लार्चवर राहतो. सापळा असा की रेड क्रॉसबिलच्या काही पिल्लांच्या पंखांवरही पट्टे असतात. ते बारीक आणि फिकट असतात, म्हणून पट्ट्याची रुंदी पाहावी, नुसते अस्तित्व नव्हे.

पाइन ग्रॉसबीक बराच मोठा, लांब शेपटीचा आणि संथ असतो. चोच आखूड, काळी आणि गोलसर असते. तो माउंटन ॲशच्या लाल फळांवर निवांत बसून खातो आणि माणसाला फारसा बुजत नाही. पर्पल फिंचची चोच सरळ शंकूच्या आकाराची असते. चोच दिसली की हे सगळे प्रश्न मिटतात, आणि ती दिसेपर्यंत निर्णय लांबणीवर टाकण्यात काहीच कमीपणा नाही.

७. हाक ध्वनिमुद्रित करा

या पायरीमुळे साधी हौस गंभीर होते. उत्तर अमेरिकेतले रेड क्रॉसबिल दिसायला सारखे असले तरी ते सगळे एकाच हाकेचे नाहीत. पक्षीशास्त्रज्ञ जेफ्री ग्रोथ यांनी १९९३ मध्ये उड्डाणातल्या हाकांच्या आधारे त्यांचे आठ प्रकार वेगळे करून दाखवले, आणि त्यानंतर या यादीत आणखी भर पडली. प्रत्येक प्रकाराच्या चोचीचे माप थोडे वेगळे असते आणि त्याचा एखाद्या झाडाशी विशेष संबंध असतो. ढोबळमानाने सांगायचे तर दुसरा प्रकार मोठ्या चोचीचा असून पाँडेरोसा पाइनशी जोडलेला आहे, तिसरा लहान चोचीचा असून वेस्टर्न हेमलॉकशी, चौथा डग्लस फरशी, पाचवा लॉजपोल पाइनशी आणि दहावा सिट्का स्प्रूसशी. पिल्ले ही हाक आईबापांकडून उचलतात. आवडते झाड पिकले नाही की मात्र सगळे प्रकार दूरदूरच्या रानांत मिसळतात, त्यामुळे झाड पाहून प्रकार ठरवणे ही चूक आहे.

नववा प्रकार तर स्वतंत्र जातच ठरला. दक्षिण आयडाहोमधल्या साउथ हिल्स आणि आल्बियन या दोन छोट्या डोंगररांगांत खारी नाहीत. एरवी लॉजपोल पाइनचे बी खारी आधी फस्त करतात. इथे ते काम क्रॉसबिलकडे आले, झाडांनी शंकू अधिक मजबूत केले आणि पक्ष्यांची चोच त्याला तोडीस तोड होत गेली. मिटलेल्या शंकूंत बी बाराही महिने मिळत असल्यामुळे हे पक्षी भटकत नाहीत. २००९ मध्ये त्यांचे ‘लॉक्सिया सिनेस्क्युरिस’ या नावाने वर्णन झाले आणि २०१७ मध्ये कॅसिया क्रॉसबिल म्हणून अमेरिकन पक्षीशास्त्र संघटनेने जातीला मान्यता दिली. ज्यांना भटक्या थव्यांमागे धावायचे नाही त्यांनी सॉटूथ राष्ट्रीय वनातल्या या टेकड्यांकडे जावे. मात्र २०२० च्या बॅजर वणव्यात साउथ हिल्समधले पुष्कळ रान जळाले आहे, म्हणून जाण्यापूर्वी ताज्या नोंदी पाहाव्यात. युरोपातही असाच गुंता आहे: स्कॉटलंडच्या पाइनवनांतला स्कॉटिश क्रॉसबिल आणि उत्तर युरोपातला जाड चोचीचा पॅरट क्रॉसबिल हे साध्या क्रॉसबिलपासून नुसत्या नजरेने वेगळे करणे अनुभवी माणसालाही जड जाते.

ध्वनिमुद्रणाची रीत अशी. फोनची ध्वनिमुद्रणाची सोय डब्ल्यूएव्ही स्वरूपात लावावी, कारण दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये हाकेचे बारीक तपशील हरवतात. थवा दिसताच मुद्रण सुरू करावे आणि तो उडून जाईपर्यंत थांबवू नये. झाडावरून उठताना दिलेल्या हाकाच सर्वांत उपयोगी असतात. फोनचा माइक ज्या टोकाला आहे ते टोक पक्ष्याकडे धरावे, जाकिटाची सरसर आणि पायाखालच्या बर्फाची करकर टाळावी, आणि थवा गेल्यावर तारीख, जागा, झाड आणि पक्ष्यांची संख्या स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावी. कडाक्याच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून एरवी फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा.

घरी आल्यावर हे मुद्रण रेव्हन लाइट किंवा ऑडॅसिटी या मोफत प्रणालींत उघडून त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, पाहावा. कानाला एकसारख्या वाटणाऱ्या हाका तिथे निरनिराळ्या आकारांच्या रेषा म्हणून दिसतात. चौथ्या प्रकाराची रेषा खाली उतरून पुन्हा वर चढते, तिसऱ्याची नागमोडी आणि आखूड असते, दहाव्याची वर चढत जाते. यात दोन सापळे आहेत. मर्लिन ‘रेड क्रॉसबिल’ एवढेच सांगते, हाकेचा प्रकार सांगत नाही. आणि थवा बिथरला असताना काढल्या जाणाऱ्या जाड, खालच्या पट्टीतल्या हाका या उड्डाणातल्या हाकांपेक्षा वेगळ्या असतात. त्यांच्यावरून प्रकार ठरवायला गेल्यास हमखास गोंधळ होतो.

८. शिस्त आणि कायदा

रस्त्यावर खडी टिपणारे पक्षी गाडीखाली सापडून मोठ्या संख्येने मरतात. अशा मार्गावर गाडी अगदी हळू न्यावी, पक्षी दिसले की सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, मागच्या वाहनांचा विचार करावा आणि छायाचित्रासाठी रस्त्याच्या मधोमध बसकण मारू नये.

ध्वनिमुद्रित हाक वाजवून थवा बोलावणे शक्य असते, पण नवख्यांनी ते न केलेलेच बरे. क्रॉसबिलचे घरटे कोणत्याही महिन्यात असू शकते, जानेवारी-फेब्रुवारीच्या गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा. बहुधा तीन अंडी असतात, मादी एकटी सुमारे दोन आठवडे ती उबवते आणि त्या काळात नर तिला पोटातून काढलेले बी भरवतो. मादी उठली तर अंडी गारठतात. नर सतत एकाच दाट फांदीकडे जाऊन नाहीसा होत असेल, तर मागे फिरावे.

जमिनीवर पडलेले लाल पीस खिशात घालण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत १९१८ चा मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट आणि कॅनडात १९९४ चा मायग्रेटरी बर्ड्स कन्व्हेन्शन ॲक्ट यांखाली रानपक्ष्यांची पिसे, घरटी आणि अंडी जवळ बाळगता येत नाहीत, मग ती आपोआप गळलेली का असेनात. छायाचित्र काढावे आणि पीस तिथेच ठेवावे.

९. नोंद करा

नोंद त्याच दिवशी, शक्यतो तिथल्या तिथे करावी. संख्या लिहिताना थवा उठला तेव्हा मोजलेले पक्षी धरावेत, कारण झाडावर दिसतात त्याहून ते नेहमीच जास्त निघतात. टिपणाच्या जागेत झाडाची जात, शंकू किती होते, पक्षी प्रत्यक्ष कोणते शंकू खात होते आणि थव्यात पिल्ले होती का, एवढे अवश्य लिहावे; संशोधकांच्या दृष्टीने पक्ष्यांच्या संख्येइतकीच ही माहिती मोलाची असते. ई-बर्डच्या यादीत हाकेच्या प्रकारांचे पर्याय स्वतंत्रपणे दिलेले असतात, पण स्पेक्ट्रोग्राम पाहून खात्री झाल्याशिवाय ते निवडू नयेत. खात्री नसेल तर नुसते ‘रेड क्रॉसबिल’ लिहून ध्वनिमुद्रण त्या यादीला जोडावे. ते मॅकॉले लायब्ररीत, म्हणजे कॉर्नेलच्याच ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात, जमा होते, आणि हाका ओळखणारे जाणकार अशी मुद्रणे तपासत असतात. काही आठवड्यांनी, कधी त्याहून बऱ्याच उशिरा, एखादा जाणकार आपल्या थव्याचा प्रकार कळवतो. तेव्हा जुन्या यादीत जाऊन ती नोंद तेवढी बदलून ठेवावी.